मयत खातेदार, थांबलेला हप्ता आणि चार वारस : पीएम-किसानचं एक प्रकरण

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आम्ही काही जण शेतकरी कुटुंबांना कागदपत्रांच्या कामात मदत करतो. त्यातलंच हे एक प्रकरण. गाव, नावं, बँक सगळं झाकलं आहे. ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांना गावात सगळे मावशी म्हणतात, इथेही तेच लिहितो. प्रकरण दोन हजार रुपयांच्या हप्त्यावरून सुरू झालं. पण हप्ता मिळवायच्या घाईत बायकांची नावं जमिनीवरून कशी पुसली जातात, ते त्यात फार जवळून दिसलं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

तीन एकर दहा गुंठे जमीन, सोयाबीन आणि तूर. भावाभावांची वाटणी आधीच झालेली, त्यामुळे सातबारा आणि आठ-अ एकट्या मावशींच्या नवऱ्याच्या नावावर. घरात मावशी, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी आणि चाकणला कंपनीत कामाला असलेला मुलगा. मुलाचं लग्न झालं आहे, त्याचं रेशनकार्डही वेगळं आहे. सासू हयात आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, आणि त्या धाकट्या मुलाकडे, म्हणजे मावशींच्या दिराकडे राहतात.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना २४ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० चा एक हप्ता. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, ती त्याच वर्षी जूनपासून निघाली. नवऱ्याची नोंदणी पहिल्याच वर्षी झाली. २०२२ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सक्तीची झाली तेव्हा त्यांनी सीएससी केंद्रावर (सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर) जाऊन तीही उरकली. त्याच वर्षी डिसेंबरात ते अचानक वारले.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून वेळेत निघाला. वारस नोंद मात्र कोणी केली नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं, पण दहावा-तेरावा, मुलाची सुट्टी, पेरणी यात ते मागे पडलं. गावोगाव असंच होतं. शेत कसलं जातं, माल विकला जातो, मग सातबाऱ्यावर नाव कोणाचं याची घाई कोणाला नसते.

अडचण कुठे सुरू झाली

नवरा गेल्यावरही पैसे येत राहिले. २७ फेब्रुवारी २०२३ चा तेरावा हप्ता आला, जुलैचा चौदावा आला, नोव्हेंबरचा पंधरावाही आला. मधे राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच खात्यात जमा झाला. एकूण ८,००० रुपये. एटीएम कार्ड मुलाकडे होतं. त्याने पैसे काढून खत-बियाण्याला लावले. यात काही चुकतं आहे असं घरात कोणाच्याही मनात आलं नाही. पैसे शेताचे, शेत आपलं, असा सरळ हिशेब होता.

२८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्या कार्यक्रमातून सोळावा हप्ता सुटला, सोबत नमोचा दुसरा आणि तिसरा हप्ताही होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मोबाइलवर मेसेज खणखणले, मावशींच्या घरात काही आलं नाही. गावपातळीच्या पडताळणीत नवऱ्याच्या नावापुढे मयत असा शेरा पडला होता. पण हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता. पोर्टलवर स्थिती बघायची तर ओटीपी लागतो, तो जायचा नवऱ्याच्या नंबरवर, आणि ते सिम रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलं होतं.

मग अंदाजावर धावपळ सुरू झाली. केवायसी परत करा, असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, पोराचा पीएफ कापतात म्हणून बंद झालं असेल. सीएससीवाल्याने मावशींच्या आधारवर सरळ नवीन नोंदणी टाकून दिली. सातबारा जोडला तो नवऱ्याच्या नावाचा. अर्ज नामंजूर झाला, कारण जमीन अर्जदाराच्या नावावर नाही. वर आणखी एक गुंता झाला. त्या आधारवर पुन्हा नोंदणी टाकली की नोंद आधीच आहे असं दिसायला लागलं.

याच काळात दुसरं नुकसान झालं, ते जास्त मोठं होतं. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला राज्याने हेक्टरी ५,००० रुपये मदत दिली, दोन हेक्टरपर्यंत. यादी लागली त्यात नाव होतं, पण मयत नवऱ्याचं. संमतीपत्रावर सही करायला माणूसच नाही. पीएम-किसान हे फक्त वर दिसणारं टोक होतं. खाली सातबाराच मयताच्या नावावर अडकलेला होता.

मावशी आमच्याकडे आल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये, वाशिमहून अठरावा हप्ता सुटल्यानंतर.

समोर असलेले पर्याय

जमीन नावावर कधी आली हे पीएम-किसानमध्ये फार महत्त्वाचं आहे. १ फेब्रुवारी २०१९ ही त्याची तारीख. त्यानंतर विकत घेतलेल्या किंवा बक्षीस मिळालेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही. अपवाद एकच, खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेली जमीन. म्हणजे मावशींना वाट होती, पण ती वारसाच्या फेरफारातूनच, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायच्या नोंदीतूनच जात होती.

त्या फेरफारात कोणाची नावं घालायची, यावर घरात तीन मतं होती.

मुलाचं मत असं की फक्त आईचं नाव लावू. एकच नाव असलं की पोर्टलवर भानगड नाही, पैसे लवकर सुरू होतील. त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला आईचं काम लवकर व्हायला हवं होतं.

गावातल्या एका जाणत्या माणसाचं मत असं की सगळ्यांची नावं लावा आणि लगेच मुलीकडून आणि आजीकडून हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. मुलीने "माझी काही हरकत नाही" असं फोनवर सांगूनही टाकलं होतं. बहीण अशा वेळी दुसरं काय म्हणणार? माहेर तुटू नये म्हणून हक्क सोडणाऱ्या मुली आम्ही इतक्या पाहिल्या आहेत की या होकाराला आम्ही होकार मानत नाही.

तिसरा पर्याय आम्ही मांडला. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे या घरात पहिल्या वर्गातले वारस म्हणजे विधवा पत्नी, मुलगा, मुलगी आणि मयताची आई. चौघांचीही नावं सामाईक लावा आणि हक्कसोडपत्राचा विषय काढूच नका. वाटणी पुढे कधी करायची ती करा, पण वर्षाच्या सहा हजारांसाठी आज कोणाचं नाव कमी करू नका. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की परत फिरायची वाट फार अवघड होते. हप्त्याची योजना तर उद्या बदलूही शकते.

मावशी गप्प ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "माझं नाव लागंल ना त्याच्यात? मग बाकीच्यांचं लागू द्या की."

पहिला अर्ज आणि हरकत

हे बोलणं होईपर्यंत मुलाने ई-हक्क प्रणालीवर, म्हणजे फेरफाराचे अर्ज ऑनलाइन घेणाऱ्या सरकारी पोर्टलवर, आधीच अर्ज टाकून ठेवला होता. वारस दोनच दाखवलेले, आई आणि स्वतः. वंशावळीच्या स्वयंघोषणेत बहीण आणि आजी नव्हत्या. विधानसभा निवडणुकीचा काळ, तलाठी भाऊसाहेब निवडणुकीच्या कामात, त्यामुळे अर्ज महिनाभर पडूनच होता. डिसेंबरात नमुना ९ ची नोटीस निघाली आणि हरकती घ्यायची पंधरा दिवसांची मुदत सुरू झाली.

मुदत संपायच्या आत दिराने हरकत घेतली. आईचं नाव का नाही, हा त्याचा मुद्दा. प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त नोंदवहीत गेलं आणि मंडळ अधिकाऱ्यांपुढे तारखा लागल्या.

घरात दिरावर राग होता. भावाच्या जमिनीवर त्याचा डोळा आहे, असं सगळ्यांचं म्हणणं. त्याच्या मनात काय होतं ते आम्हाला सांगता येणार नाही. पण त्याचा मुद्दा कायद्याला धरून होता आणि तो लढवण्यात काहीच हाशील नव्हतं. इथे पहिला मोठा निर्णय झाला. हरकतीला उत्तर देत बसायचं नाही, आपला चुकीचा अर्जच मागे घ्यायचा आणि चारही नावांनी नवा करायचा. मुलगा तयार नव्हता, त्याला ही माघार वाटत होती. शेवटी मावशीच दिराच्या घरी गेल्या, सासूबाईंशेजारी बसल्या आणि त्यांचा आधार क्रमांक कागदावर उतरवून घेऊन आल्या. त्यानंतर त्या घरातून हरकतीचा विषय परत निघाला नाही.

जिवंत सातबारा मोहीम

नव्या अर्जाला वेळ बरी सापडली. मयत खातेदारांच्या वारस नोंदींसाठी बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली जिवंत सातबारा मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवली गेली. तलाठ्याने गावात फिरून मयत खातेदारांची यादी करायची, वारसांनी कागद द्यायचे आणि १० मेपर्यंत नोंदी पूर्ण करायच्या, असा कार्यक्रम होता. जे काम एरवी आपण तलाठी कार्यालयात खेटे घालून करायचं, ते काम घेऊन तलाठी चावडीवर बसले होते. सरकारी मोहिमांविषयी आम्ही एरवी फार उत्साहाने बोलत नाही. या मोहिमेविषयी बोलतो, कारण अशी कितीतरी घरं तिच्यामुळे मोकळी झालेली आम्ही पाहिली.

मृत्यूचा दाखला, चौघांची आधारकार्डं, वंशावळ आणि वारसांबाबतचं प्रतिज्ञापत्र एवढे कागद लागले. सरपंच आणि पोलीस पाटलांकडून खातरजमा झाली. वारस आधी ६-क च्या, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत चढले, मग फेरफार पडला, नोटिशीची मुदत गेली आणि मे महिन्यात मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. सातबाऱ्यावर नवऱ्याच्या नावाला कंस पडला, म्हणजे ते नाव कमी झालं, आणि खाली चार नावं आली. त्यात तीन बायका.

कोणाच्या नावाने अर्ज करायचा

आता खरा विचार करायचा होता. चौघेही खातेदार, मग पीएम-किसानचा अर्ज कोणी करायचा? योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलं. सज्ञान मुलाचं कुटुंब वेगळं धरतात, आणि सासूबाईही स्वतंत्र. गावात हे नीट माहीत नसल्याने अनेक पात्र लोक घरी बसतात आणि काही अपात्र लोकांना नंतर वसुलीची नोटीस येते.

एकेक नाव घेऊन पाहिलं. मुलगी : तिच्या नवऱ्याला सासरच्या जमिनीवर हप्ता मिळतोच, म्हणजे ते कुटुंब आधीच लाभार्थी आहे. तिचा प्रश्न मिटला. मुलगा : पीएफ कापला जाणं हे अपात्रतेचं कारण नाही, पण मागच्या करनिर्धारण वर्षात त्याने आयकर भरला होता आणि आयकर भरणारा योजनेत बसत नाही. तोही बाजूला. मुलाच्या आयकरामुळे आई अपात्र होते का, हे आम्हाला जवळजवळ प्रत्येक गावात विचारतात. होत नाही.

सासूबाईंना श्रावणबाळ या निराधार वृद्धांसाठीच्या योजनेचे महिन्याला पैसे मिळतात. पेन्शनची अट आहे ती दहा हजार किंवा जास्त निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी, श्रावणबाळचा त्याच्याशी संबंध नाही. त्या पात्र.

मावशींच्या बाबतीत मात्र आकडेमोड करावी लागली. त्यांना मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात, वर्षाचे १८,०००. या योजनेचा नियम असा की दुसऱ्या सरकारी योजनेतून दीड हजारांपेक्षा कमी मिळत असेल तर फक्त फरकाची रक्कम द्यायची. पीएम-किसानचे ६,००० आणि नमोचे ६,००० मिळून वर्षाला १२,००० होतात, म्हणजे महिन्याला हजार. मग लाडकी बहीणचे राहतात महिन्याला ५००, वर्षाचे ६,०००. बेरीज पुन्हा १८,००० च. ज्या हप्त्यासाठी मावशी वर्षभर धावल्या तो सुरू झाल्यावर त्यांच्या हातात एक रुपयाही जास्त पडणार नव्हता.

हे त्यांना सांगायचं की नाही, यावर आमच्यात चर्चा झाली. सांगायचंच, असं ठरलं. निर्णय त्यांचा, तर हिशेबही त्यांच्यासमोर असला पाहिजे. पाटीवर आकडे मांडून दाखवले. माझं स्वतःचं मत होतं की सध्या सासूबाईंचाच अर्ज करावा आणि मावशींनी थांबावं. हप्ता चार महिन्यांनी येतो, त्यातही उशीर होतो, आणि दरमहा हातात येणारे दीड हजार त्या आधीच पाचशेवर येणार.

मावशींनी ऐकून घेतलं आणि अर्ज करायचं ठरवलं. त्यांचं कारण पक्कं होतं. लाडकी बहीण पासष्टीपर्यंत, शेत मरेपर्यंत. आणि शेतकरी म्हणून सरकारच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव लागायला हवं होतं, पैसे तेवढेच राहिले तरी.

नोंदणीचे प्रत्यक्ष अडथळे

नव्या नोंदणीला आता अ‍ॅग्रीस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. सातबारा अद्ययावत झाल्याशिवाय तो निघत नाही, त्यामुळे फेरफाराआधी अर्ज करून काही उपयोग नव्हताच. मावशींचा क्रमांक लगेच निघाला. त्यांची जुनी नामंजूर नोंद पोर्टलवर होतीच, म्हणून नवा अर्ज न टाकता स्वतः नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांसाठीच्या दुरुस्तीच्या पर्यायातून सातबारा आणि फेरफार जोडला. जमीन नावावर कशी आली या रकान्यात खातेदाराचा मृत्यू हे कारण आणि जुन्या खातेदाराचा तपशील भरला. अर्ज इथेच सर्वात जास्त अडकतात. फेरफार २०२५ चा दिसतो, कारण रिकामं राहतं, आणि अर्ज २०१९ नंतरची जमीन म्हणून बाद होतो.

सासूबाईंची ई-केवायसी बोटांवर अडली. आयुष्यभर खुरपं धरलेली बोटं, अंगठा झिजून गुळगुळीत झालेला. मशीनवर दहाही बोटं ठेवून पाहिली, एकही जुळेना. आधारला मोबाइल जोडलेला नाही, म्हणजे ओटीपीही नाही. पीएम-किसानच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये २०२३ पासून चेहऱ्यावरून पडताळणी होते, हे केंद्रावरच्या मुलाला माहीत नव्हतं. कृषी सहायकांनी घरी येऊन अंगणात, उजेडात त्यांना बसवलं, पदर मागे घ्यायला सांगितला, डोळे मिटा-उघडा म्हटलं आणि दोन मिनिटांत काम झालं.

मृत्यूनंतर आलेले आठ हजार

ही गोष्ट घरच्यांनी आमच्यापासून लपवली नव्हती, पण परत करायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन मार्ग होते. गप्प बसायचं आणि नोटीस आली तर बघायचं. किंवा आपण होऊन भरायचं. गप्प बसा, असाच सल्ला बहुतेकांनी दिला. आम्ही भरायला सांगितलं, कारण वारसाच्या अर्जाची छाननी करणारा माणूस आधी मयताचा इतिहासच उघडतो. मृत्यूची तारीख आणि हप्त्यांच्या तारखा तिथे शेजारी शेजारी दिसतात.

मुलाने दिवाळीच्या बोनसची वाट न बघता पीएम-किसानचे ६,००० पोर्टलवरच्या परतफेडीच्या सोयीतून भरले. नमोचे २,००० तालुका कृषी कार्यालयाने सांगितल्याप्रमाणे भरले. दोन्ही पावत्या अर्जाच्या फाइलला लावल्या.

आजची स्थिती

१९ नोव्हेंबर २०२५ ला एकविसावा हप्ता सुटला तेव्हा सासूबाईंच्या खात्यात २,००० रुपये आले. मावशींचा अर्ज तालुक्याने मंजूर करून पुढे पाठवला आहे, तो जिल्हा पातळीवर आहे. त्यांची लाडकी बहीण तोवर पूर्ण चालू आहे. सोयाबीनच्या मदतीचे गेलेले पैसे मिळाले नाहीत. त्यासाठी वारसांचं ना-हरकत पत्र जोडून अर्ज दिला आहे, पण फार आशा धरलेली नाही.

पीकविमा, अतिवृष्टीची मदत, पीककर्ज या सगळ्यांसाठी मात्र आता नाव जिवंत माणसांचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात महाग पडला तो डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२४ हा काळ. मृत्यूचा दाखला देतानाच ग्रामपंचायतीने वारस नोंदीचा अर्ज हातात ठेवला असता तर बाकीचं काही घडलंच नसतं. आमच्या तालुक्यातल्या दोन ग्रामसेवकांनी आता ते सुरू केलं आहे. दाखल्यासोबत एक छापील कागद देतात. त्यावर वारस कोण कोण ते लिहिलेलं असतं, आणि आईचं आणि मुलीचं नाव वगळता येत नाही हे ठळक अक्षरांत.

सीएससीवर टाकलेली पहिली नोंदणी टाळता आली असती. केंद्रचालकाला अर्ज टाकण्याचे पैसे मिळतात, अर्ज मंजूर होवो न होवो. म्हणून हप्ता थांबला की आधी तालुका कृषी कार्यालयात कारण विचारा, असं आम्ही आता प्रत्येकाला सांगतो. तिथे आधार क्रमांकावरून स्थिती दिसते, बंद पडलेल्या सिमवाचून अडत नाही.

मंडळ अधिकाऱ्यांकडे गेलेली हरकत हा घराला बसलेला सर्वात मोठा चटका होता. मुलाने अर्ज टाकण्याआधी काकांना एकदा विचारलं असतं तर चार महिने आणि बरीच कटुता वाचली असती.

एका गोष्टीवर आमच्यात अजून एकमत नाही. मावशींनी आत्ताच अर्ज करायला नको होता, असं माझ्या दोन सहकाऱ्यांना वाटतं. उद्या हप्ता मंजूर झाला पण एखादा हप्ता तांत्रिक कारणाने अडला, तर त्यांना महिन्याला पाचशेवर भागवावं लागेल, आणि एकट्या बाईच्या घरात हा फरक छोटा नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. तरी मावशींनी विचारलं तर मी पुन्हा तोच हिशेब पाटीवर मांडीन आणि त्या ठरवतील तो अर्ज भरून देईन.